विषाचा उतारा कोणासाठी?

(कुरकुंभ येथे कामगार व शेतकरी यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, दौंड तालुक्यात, फिरंगाई देवीचे कुरकुंभ वसलेले आहे. पूर्वी देवीच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव आता पंचक्रोशीबाहेर ओळखले जाते ते रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे. औषधांची मूलद्रव्ये, अमाइन वर्गातील रसायने, विद्रावके असा माल येथून देशभर आणि देशाबाहेर जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये येथील एका कारखान्याला रात्रीच्या वेळी भीषण आग लागली आणि भोवतालच्या वस्त्यांतील माणसे घरे सोडून निघाली. २०२१ च्या मे महिन्यात दुसऱ्या एका कारखान्याला आग लागली. अशा रात्री, म्हाताऱ्या माणसांना आधार देत आणि लहानग्यांना कडेवर घेऊन रस्त्याला लागलेल्या माणसाला एकच प्रश्न पडतो. हवेत काय आहे, आणि त्याला उतारा कोणता?

या प्रश्नाचा अभ्यास झालेला नाही असे मुळीच नाही. गेली शंभर-सव्वाशे वर्षे जगातील उत्तमोत्तम रसायनशास्त्रज्ञांनी त्यासाठी आयुष्ये वेचली आहेत आणि सरकारांनी पाण्यासारखा पैसा ओतला आहे. मात्र तो सारा अभ्यास रणांगणावरील सैनिकासाठी झाला. विषारी वायूने भरलेल्या खंदकात त्याचा जीव कसा वाचवावा, त्याच्या कातडीवरचा थेंब कसा निर्विष करावा, शत्रूच्या कोठारातील विष कसे नष्ट करावे, एवढ्यापुरताच तो मर्यादित राहिला. या विद्येत कारखान्यातील कामगार आणि कारखान्याशेजारचा शेतकरी यांचा वाटा किती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी थोडे रसायनशास्त्र समजून घ्यावे लागेल. ते अवघड नाही. रात्रपाळीत रिॲक्टर सांभाळणाऱ्या कामगाराला त्यातले पुष्कळसे अनुभवाने ठाऊकच असते.

उत्प्रेरक म्हणजे जो स्वतः न संपता दुसऱ्या पदार्थांमधील क्रिया घडवून आणतो, तो पदार्थ. जर्मनीतील फ्रिट्झ हाबर याने ऑस्मियमच्या उत्प्रेरकावर, प्रचंड दाबाखाली, हवेतील नायट्रोजनचा हायड्रोजनशी संयोग घडवून अमोनिया तयार केला. आज शेतात पडणारे युरियाचे पोते त्याच शोधातून आलेले आहे. त्याच अमोनियाची मिथेनॉलशी दुसऱ्या एका उत्प्रेरकावर गाठ घातली की मिथिल अमाइने मिळतात. अमाइन उद्योगाची वंशावळ अशी सरळ हाबरच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते. आणि २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरीन वायूचा पहिला मोठा हल्ला झाला, त्याची आखणी करणाराही हाच हाबर. १९१८ चे नोबेल पारितोषिक त्याला अमोनियासाठी मिळाले. भुकेल्याला अन्न देणारा आणि खंदकातील माणसाला गुदमरवून मारणारा एकच, हा विरोधाभास म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. खरे तर त्यात विरोधाभास काहीच नाही. तंत्र एकच होते. ते कोणाच्या हुकमाखाली आहे, एवढाच प्रश्न होता.

त्या ईप्रच्या लढाईत चारच दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, लाहोर डिव्हिजनमधील हिंदी सैनिक उतरवण्यात आले. त्यांच्याजवळ मुखवटे नव्हते. तोंडाशी ओला कपडा धरणे एवढाच त्या काळचा उपाय होता. पुढे मुखवटे आले, आणि मुखवट्यात कोळसा आला. १९१८ साली अमेरिकेत नागरिकांकडून फळांच्या कोयी आणि कवच्या गोळा करण्यात आल्या, कारण नारळाच्या करवंटीपासून आणि अशा टणक कवचांपासून केलेला सक्रिय कोळसा उत्तम वायुशोषक असतो. अशा कोळशाच्या एका ग्रॅमच्या अंतर्भागातील छिद्रांचा पृष्ठभाग पसरला तर दहा गुंठ्यांच्या घरात भरतो. करवंटीला हे मोल आहे हे कोकणातील बायाबापड्यांना कोणी सांगितले नाही, ही गोष्ट निराळी.

परंतु कोळसा विष धरून ठेवतो, मोडत नाही. आणि काही लहान रेणू तो धरूनही ठेवू शकत नाही. म्हणून कोळशावर तांबे, चांदी आणि क्रोमियम यांच्या क्षारांचा लेप देण्यात आला. हे धातू सायनोजन क्लोराइडसारखे वायू केवळ अडवत नाहीत, तर उत्प्रेरक होऊन त्यांचे विघटन करतात. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या मुखवट्यांत हाच माल होता. त्यातील क्रोमियम ज्या रूपात असे ते कर्करोगकारक आहे हे पुढे मान्य झाले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस त्याच्या जागी जस्त, मॉलिब्डेनम आणि ट्रायएथिलीनडायअमाइन यांची योजना झाली. उताऱ्यातच विष होते, आणि ते तो माल तयार करणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसातही जात होते, याची आठवण इतिहासाची पुस्तके क्वचितच ठेवतात.

येथे एक सन्माननीय अपवाद नोंदवला पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मँगनीज आणि तांबे यांच्या ऑक्साइडांचे हॉपकॅलाइट नावाचे मिश्रण अमेरिकेत तयार झाले. साध्या तापमानात ते कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. युद्धनौकांसाठी शोधलेला हा उत्प्रेरक पुढे कोळसा खाणीतील मजुराच्या कमरेला लटकणाऱ्या बचाव-डब्यात आला. दमट हवेत तो निकामी होतो म्हणून त्याच्या पुढे ओलावा टिपणारा थर ठेवावा लागतो. युद्धाची विद्या कामगाराच्या कमरेपर्यंत पोचू शकते, याचा हा पुरावा. ती आपोआप पोचली नाही. खाणींत माणसे मेली, चौकशा झाल्या, नियम झाले, तेव्हा पोचली.

युद्धात वापरल्या गेलेल्या विषांचे ढोबळ मानाने दोन वर्ग लक्षात ठेवावेत. एक मस्टर्ड वायू. याने कातडीवर फोड येतात, डोळे जातात, फुप्फुसे सोलवटतात. दुसरा वर्ग चेताविषांचा, म्हणजे ज्यांचा आघात मज्जासंस्थेवर होतो त्या टॅबून, सारिन, सोमन, व्हीएक्स यांचा. यातील टॅबून १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर या रसायनज्ञाच्या हातून तयार झाले, तेव्हा तो शोधत होता कीटकनाशक. दोन वर्षांनी सारिन आले. शेतातील फवारणीचे सेंद्रिय फॉस्फरस औषध आणि लष्कराचे चेताविष ही दोन्ही एकाच घराण्यातील आहेत. शरीरातील ज्या विकराचे काम स्नायूला दिलेला संदेश वेळेवर पुसून टाकण्याचे असते, त्याच विकराला दोन्ही जखडून टाकतात, फरक मात्रेचा. म्हणूनच सारिनग्रस्त सैनिकाला जे ॲट्रोपिनचे इंजेक्शन दिले जाते, तेच विषबाधा झालेल्या फवारणी मजुराला तालुक्याच्या दवाखान्यात दिले जाते.

आता निर्विषीकरणाकडे वळू. युद्धात मस्टर्डवर ब्लीचिंग पावडर टाकत. ती काम करते, पण विषाच्या मानाने ती पुष्कळ लागते, ती स्वतः खर्ची पडते आणि कातडीला व धातूला खाते. दुसरा उपाय मुलतानी मातीचा. ही माती कातडीवरील थेंब शोषून घेते. सैनिकाच्या पिशवीत तिची पुडी असते. ती स्वस्त आहे आणि जीव वाचवते. पण ती विष मोडत नाही. वापरलेली माती म्हणजे विष भरलेली माती, आणि ती कोठे टाकायची हा नवा प्रश्न. औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. सांडपाण्यातील विष गाळात उतरवले म्हणजे पाणी स्वच्छ झाले असे कागदावर लिहिता येते. गाळ मात्र कोठे तरी असतोच.

म्हणून शास्त्रज्ञांनी उत्प्रेरकाचा शोध घेतला: स्वतः न संपता, एकामागून एक रेणू मोडत जाईल असा पदार्थ. आणि या शोधातील एक महत्त्वाचा दुवा प्रयोगशाळेत नव्हे, भातखाचरात सापडला. १९७३ साली एन. सेतुनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने योशिदा या सहकाऱ्यासह फिलिपाइन्समधील भातशेतीच्या चिखलातून एक जिवाणू वेगळा केला. पॅराथिऑन आणि डायझिनॉन ही कीटकनाशके तो जिवाणू मोडत असे. माणसाने शेतात विष ओतले, आणि काही वर्षांत मातीतील एका क्षुद्र जीवाने ते पचवण्याची विद्या आत्मसात केली. अशा जिवाणूंतील विकर पुढे शुद्ध रूपात मिळवण्यात आले. त्याच्या गाभ्याशी धातूचे, निसर्गतः जस्ताचे, दोन अणू असतात आणि ते पाण्याचा रेणू नेमका फॉस्फरसवर सोडतात. कीटकनाशकांच्या बाबतीत त्याचा वेग सेकंदाला हजारो रेणू एवढा आहे. सारिनही ते मोडते. लष्करी प्रयोगशाळांना या विकरात केवढी गोडी वाटली हे सांगायला नको. दोष एवढाच की विकर नाजूक असते. उष्णता, सुकवण, विद्रावक यांनी ते बिघडते.

त्या विकराची नक्कल निर्जीव पदार्थात करावी, ही त्यानंतरची दिशा. धातूच्या अणूंचे गुच्छ खांबासारखे उभे करायचे आणि कार्बनी रेणूंच्या तुळयांनी ते जोडायचे. यातून जी पोकळ, नियमित चौकट तयार होते तिला धातु-सेंद्रिय जाळी म्हणता येईल. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच जाळ्यांसाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांना मिळाले. २००८ साली ऑस्लो विद्यापीठात झिर्कोनियम धातूची यूआयओ-६६ नावाची जाळी तयार झाली. तिच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग अकरा-बारा गुंठे भरेल, आणि पाण्यात ती विरत नाही. झिर्कोनियमचा अणू विषातील फॉस्फरसच्या शेजारचा ऑक्सिजन ओढून धरतो, त्यामुळे फॉस्फरस उघडा पडतो, आणि पाणी त्याचा बंध तोडते. विकरातील जस्ताचे काम येथे झिर्कोनियम करते. २०१५ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एनयू-१००० या मोठ्या छिद्रांच्या जाळीवर सोमन हे चेताविष तीन-एक मिनिटांत निम्मे मोडल्याचे दाखवले.

वर्तमानपत्रे अशा वेळी चमत्कार झाल्याचे छापतात, पण अडचणी समजल्याशिवाय शास्त्र समजत नाही. तो प्रयोग पाण्यात झाला होता, आणि त्या पाण्यात आम्ल साचू नये म्हणून एथिलमॉर्फोलीन हे अमाइन मिसळले होते. विष मोडले की त्याचे तुकडे आम्लधर्मी असतात; ते झिर्कोनियमलाच चिकटतात आणि जागा अडवून बसतात. बाजूला अमाइन असले तर ते आम्लाचे शमन करते आणि जागा मोकळी होते. कोरड्या कपड्यावर, कोरड्या हवेत, पाणी नाही आणि अमाइनही नाही. मग उत्प्रेरक मंदावतो. म्हणून पुढे या जाळीची भुकटी अमाइनयुक्त बहुवारिकाबरोबर, म्हणजे पॉलिएथिलीनइमाइनबरोबर, मिसळण्यात आली आणि कापडाच्या धाग्यांवर बसवण्यात आली. ज्या कुरकुंभमध्ये अमाइने पिंपांनी भरली जातात तेथील कामगाराला, त्याच वर्गातील रसायनावाचून सैनिकाचा उतारा अडून पडतो हे ऐकून नवल वाटेल.

मस्टर्डची गोष्ट याहून शिकवणारी आहे. त्यातील गंधकाला ऑक्सिजनचा एक अणू जोडला की सल्फॉक्साइड तयार होते आणि विष जवळजवळ निर्धोक होते. पण दुसराही अणू जोडला गेला की सल्फोन तयार होते, आणि ते पुन्हा फोड आणणारे विष असते. म्हणजे येथे उपाय कमी पडूनही चालत नाही आणि अधिक होऊनही चालत नाही. प्रकाश पडला की ऑक्सिजनला नेमका एवढाच उत्तेजित करणाऱ्या, पॉर्फिरिनयुक्त जाळ्या यासाठी तयार झाल्या आहेत. केवळ जहाल ऑक्सिडीकारक ओतून विष नष्ट झाले असे मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने हे उदाहरण भिंतीवर लावावे.

ही सारी विद्या परदेशातच आहे असा समज करून घेण्याचे कारण नाही. कुरकुंभपासून काही तासांच्या अंतरावर, पुण्याच्या पाषाण भागात, १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. ऐंशीच्या दशकात पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेला झिओलाइट उत्प्रेरक वडोदऱ्याच्या सरकारी पेट्रोरसायन कारखान्यात वापरात आला होता. धातु-सेंद्रिय जाळ्यांवरही तेथे संशोधन झाले आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेने रासायनिक युद्धापासूनच्या बचावाची साधने घडवली आहेत. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक संस्थांनी मिळवलेले हे ज्ञान आहे.

हे ज्ञान कोणाच्या शरीराच्या मोलाने मिळाले, हेही सांगितले पाहिजे. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात आणि त्यानंतर रावळपिंडीला ब्रिटिश सरकारच्या शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदी कातडीवर या विषाचा परिणाम गोऱ्या कातडीहून निराळा होतो काय, हे त्यांना पाहायचे होते. काही सैनिकांना भाजल्यामुळे रुग्णालयात ठेवावे लागले. २००७ साली इंग्लंडमधील गार्डियन पत्राने हे प्रकरण कागदपत्रांनिशी उजेडात आणले. ज्यांच्या पाठीवर उतारा शोधला गेला त्यांना उतारा मिळण्याचा पहिला हक्क असतो, असे साम्राज्यशाहीला कधी वाटले नाही.

स्वतंत्र भारताचा या बाबतीतील इतिहास स्वच्छ म्हणावा तर त्यालाही एक डाग आहे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी रासायनिक शस्त्रे बाळगणार नाही असे संयुक्तपणे जाहीर केले. जानेवारी १९९३ मध्ये भारताने रासायनिक शस्त्रास्त्रबंदी करारावर सही केली, १९९६ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि १९९७ च्या एप्रिलमध्ये करार अमलात आल्यावर जूनमध्ये सुमारे १,०४४ टन मस्टर्डचा साठा जाहीर केला. देशातील जनतेला आपल्या घरात हे विष आहे हे तेव्हा कळले. पुढे मात्र देशाने शब्द पाळला: २००९ च्या मार्चपर्यंत, आल्बेनिया आणि दक्षिण कोरिया यांच्या मागोमाग, हा साठा आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखत नष्ट करण्यात आला. अमेरिकेने आपले शेवटचे शस्त्र जुलै २०२३ मध्ये संपवले आणि जगातील सर्व जाहीर साठे त्याबरोबर संपले. जाहीर न केलेल्यांची गोष्ट वेगळी. सीरियातील घूता येथे २१ ऑगस्ट २०१३ रोजी सारिनने माणसे मेली ती करार अस्तित्वात असतानाच.

या करारातील एक तत्त्व कुरकुंभच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. कोणते रसायन शस्त्र आहे हे त्याचे सूत्र पाहून ठरत नाही, हेतू पाहून ठरते. फॉस्जीन हा पहिल्या महायुद्धातील सर्वांत मोठा मारेकरी वायू. आणि तोच रंग, औषधे, प्लॅस्टिक यांचा कच्चा मालही आहे. म्हणून करारात रसायनांच्या अनुसूची आहेत, आणि अनुसूचीत नसलेल्या सेंद्रिय रसायनांचे वर्षाला २०० टनांहून अधिक उत्पादन करणाऱ्या कारखान्यालाही, तसेच फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरीन असलेल्या अशा एखाद्या रसायनाचे ३० टनांहून अधिक उत्पादन करणाऱ्यालाही, आपली माहिती कळवावी लागते. भारतात यासाठी २००० साली कायदा झाला आणि तो २००५ मध्ये अमलात आला. हेगहून आलेला निरीक्षक अशा कारखान्यात शिरू शकतो आणि कागदपत्रे मागू शकतो.

हेतू चार भिंतींच्या आत कसा बदलतो याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी याच कुरकुंभ वसाहतीतील एका कारखान्यातून मेफेड्रोन या मादक द्रव्याचा सहाशे किलोंहून अधिक साठा जप्त केला. रिॲक्टर तोच, तापमापी तीच, कामगारही तेच; पिंपावरची चिठ्ठी तेवढी बदललेली. आपण काय ढवळत आहोत हे ढवळणाऱ्याला ठाऊक नसेल, तर उद्या ते औषध असेल, नशा असेल वा शस्त्र असेल, त्याला फरक कळणार नाही. कामगाराचे अज्ञान हा अशा व्यवहाराचा सर्वांत स्वस्त कच्चा माल आहे.

जाता जाता एक गोष्ट. हाच करार अश्रुधुराचा वापर युद्धात करण्यास मनाई करतो, पण देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी त्याला मोकळीक देतो. शत्रूच्या सैनिकावर जे टाकता येत नाही ते स्वदेशातील मोर्च्यावर टाकता येते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. तेथील जवानाला आणि येथील मोर्चेकऱ्याला, दोघांनाही या अपवादाचा अर्थ विचारून पाहावा.

आता भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरले. हे रसायन मिथिल अमाइन आणि फॉस्जीन यांच्यापासून होते. म्हणजे हाबरचा अमोनिया आणि महायुद्धाचा वायू या रेणूत एकत्र आले होते. तो वायू निर्विष करणारी व्यवस्था त्या कारखान्यात नव्हती काय? होती. अल्कलीच्या द्रावणाने वायू धुणारा स्क्रबर होता, पण तो चालू स्थितीत नव्हता. वायू जाळणारा मनोरा होता, पण त्याची नळी गंजल्यामुळे काढून ठेवलेली होती. टाकी गार ठेवणारे शीतकरण यंत्र होते. ते काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आले होते. झिर्कोनियमची जाळी नको होती, नोबेल पारितोषिक नको होते. कॉस्टिक सोडा भरलेला, फिरता पंप असलेला एक मनोरा अखंड सज्ज हवा होता. आणि सज्ज राहणाऱ्या उताऱ्याचा खर्च रोज होतो, उपयोग मात्र वर्षानुवर्षे दिसत नाही. नफ्याच्या हिशेबात जी वस्तू वर्षानुवर्षे उपयोगी दिसत नाही ती प्रथम छाटली जाते. त्या कारखान्याच्या आवारात उरलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला नेण्यात आला, दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती, तिचे आरोग्यावरील परिणाम आणि बचावाचे उपाय कामगारांना आणि परिसरातील जनतेलाही कळवण्याचे बंधन मालकावर आले. धोका दिसला तर तो कळवण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी बरोबरीने असावेत असे ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कायदा मावळला. माहिती देण्याचे बंधन मात्र व्यवसायसुरक्षा संहितेत उतरलेले आहे. म्हणजे तरतूद चाळीस वर्षांची होत आली. ती इंग्रजीतील एका फाईलमध्ये ठेवून पाळल्याचे दाखवता येते, हे तिचे वैगुण्य. हेगचा निरीक्षक कारखान्यात काय आहे ते पाहू शकतो, पण त्याचा अहवाल कराराच्या गोपनीयतेने झाकलेला असतो. दिल्लीतील कार्यालयाला ते ठाऊक असते. कुंपणापलीकडे ऊस लावणाऱ्याला ठाऊक नसते.

आणि शेतातही तीच स्थिती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यांत दाखल झाली. त्यांतील कित्येक रोजंदारीवर फवारणारे मजूर होते. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, फवारा चेहऱ्यावर येत होता, आणि अंगावर फाटका सदरा होता. फवाऱ्यात मिसळलेल्या औषधांत सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशकेही होती, म्हणजे तेच घराणे, ज्याच्यासाठी सैनिकाला कोळशाचे अस्तर असलेला पोशाख मिळतो. ज्या कापडावर झिर्कोनियमची जाळी बसवण्याचे प्रयोग चालू आहेत ते कापड उद्या स्वस्त झाले, तरी त्या मजुराच्या अंगावर ते आपोआप येणार नाही. खाणमजुराच्या कमरेला हॉपकॅलाइटचा डबा जसा आला तसाच तो यावा लागेल.

तेव्हा कुरकुंभने काय मागावे? प्रयोगशाळा मागू नये. ती पुण्यात आहे. प्रत्येक कारखान्यात कोणती रसायने आहेत, गळती झाली तर कोणत्या दिशेला पळावे, पाणी मारावे की मारू नये, डोळ्यांत गेले तर प्रथम काय करावे, याचा मराठीतील फलक कारखान्याच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मागावा. पाणी मारावे की नाही हा प्रश्न क्षुल्लक नाही. भोपाळची सुरुवात पाण्यानेच झाली. स्क्रबरमधील अल्कली शेवटची कधी बदलली, पंप रविवारी रात्री चालू असतो काय, याची नोंदवही सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधीच्या सहीने भरली जावी. कंत्राटी कामगारालाही त्या समितीत जागा असावी, कारण टाकी साफ करायला उतरतो तोच. सामायिक सांडपाणी प्रकल्पाचा गाळ कोठे जातो त्याचा हिशेब ग्रामसभेत ठेवावा. ॲट्रोपिन आणि ऑक्सिजन किती आहे, ते देता येणारा डॉक्टर रात्री हजर असतो काय, हे जवळच्या सरकारी दवाखान्याला विचारावे. आणि पाषाणच्या शास्त्रज्ञांना येथे बोलावून, येथल्या विहिरीचे पाणी त्यांच्या पुढे ठेवून, यात काय आहे आणि ते कशाने मोडेल, एवढाच प्रश्न करावा.